प्रतिसाद: लाकडी नंदी आणि वर्षभराचा हिशेब

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी ओढत मिरवतात तो सण. हे नंदी घडवणाऱ्या एका ताईंचं कौतुक करणारी पोस्ट वाचली. "एका दिवसाच्या वस्तूवर वर्षभर धंदा कसा चालतो?" असं तिथे विचारलं होतं, त्याला माझं उत्तर: जुन्या नंदीच्या दुरुस्तीवर. इकडे बऱ्याच घरांत माळ्यावर जुना नंदी असतो; चाक, शिंग, रंग एवढंच नवं लागतं, आणि अख्ख्या नंदीचं लाकूड विकत घ्यावं लागत नाही.

खरी कारागिरी लाकूड वाळवण्यात आहे. ओलं सागवान नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवलं की टोकाकडून झपाट्याने वाळतं, आत ओलच राहतं, आणि नंदीच्या छातीला चीर जाते. म्हणून ओंडका सावलीत ठेवायचा आणि दोन्ही कापलेल्या टोकांना मेण किंवा फेविकॉल फासायचं. बारीक चीर भुसा-फेविकॉलच्या लुकणाने भरते. रुंद चीर मात्र लुकणाने भरू नये, पाचर ठोकावी.

पाय नुसत्या खिळ्यांवर बसवले तर पोरं ओढतात तसे हलायला लागतात. खाच पाडून, डिंक लावून बसवलेले टिकतात. चाकाचं छिद्र आसापेक्षा जरा सैल हवं, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की चाक अडकतं.

रंग आषाढाआधीच उरकावा. दमट लाकडावर ऑइलपेंटला फोड येतात. पोरं शिंगं तोंडात घालतात, तेव्हा डब्यावर 'शिसेमुक्त' लिहिलंय का ते पाहाच. या ताई ऑर्डरसोबत निम्मी रक्कम आधी घेत असतील तर कुरकुर करू नका. पोळा संपल्यावर उरलेल्या नंदीला गिऱ्हाईक थेट पुढल्या वर्षी.