इन्फिनिट स्ट्रॅटोस: दुसरा सीझन बघू की इथंच सोडू?

शेंगाचटणी_सोलापूर:

'इन्फिनिट स्ट्रॅटोस' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा 2011चा पहिला सीझन संपवला, बाराही भाग. 2013चा दुसरा बघू का, एवढंच सांगा. पण आधी माझी भडास ऐकून घ्या.

मला हॅरेमचं वावडं नाही. एक बावळट पोरगा, भोवती पाच पोरी, आंघोळीचे घोळ, हे ठाऊक असूनच बसलो होतो. पण मांडणी काय केलीय बघा. ताबाने शिनोनोनो नावाची विक्षिप्त बाई 'आयएस' (म्हणजेच इन्फिनिट स्ट्रॅटोस) हे उडतं चिलखत तयार करते. जपानवर रोखलेली 2,341 क्षेपणास्त्रं कुणीतरी हॅक करून सोडतं आणि एकटं आयएस त्यांचा फडशा पाडतं. झालं, रणगाडे-विमानं भंगारात. कोअर, म्हणजे आयएसचं काळीज, जगात फक्त 467, नवीन बनवायची विद्या एकट्या ताबानेकडे, आणि चालवता येतं फक्त बायकांना. अपवाद आपला नायक इचिका, म्हणून पोरींनी भरलेल्या आयएस अकादमीत हा एकटाच पोरगा. अहो, मग सैन्यात काय होईल, घराघरात काय होईल, लग्नाच्या बाजारात काय होईल? मी सरसावून बसलो. आणि यांनी दाखवलं काय, तर इचिकानं कुणाच्या डब्यातलं खायचं!

त्या पाचांतल्या शार्लोटचंच घ्या. बापाची फ्रान्समध्ये आयएसची कंपनी, तिसऱ्या पिढीच्या यंत्रात मागं पडलेली. बाहेरच्या बाईपासून झालेली ही पोर. तिला मुलगा म्हणून इचिकाच्या खोलीत घुसवतात, त्याच्या यंत्राची माहिती चोरायला. ती हे सगळं सांगते तेव्हा आवाजात रडणं नाही, नुसता थकवा आहे. माझी आतेबहीण अकरावीला आहे, सोबत बघत होती. तिनं मोबाईल बाजूला ठेवला, म्हणजे बघा. इचिका अकादमीचा नियम दाखवतो की शिकत असेपर्यंत इथल्या विद्यार्थ्यांवर कुठल्याच देशाची, कंपनीची सत्ता नाही. छान. मग कंपनी गप्प कशी? बाप काय म्हणाला? पोरगी मुलीच्या वेशात वर्गात येते आणि विषय खल्लास. बहिणीनं विचारलं, "दादा, मधला एखादा भाग राहिला का रे आपला?"

लाउराचंही तेच. सैनिक म्हणूनच जन्माला घातलेली, स्वतःची किंमत फक्त लढण्यात मोजणारी. हरते, सावरते आणि लगेच भर वर्गात इचिकाचा मुका घेऊन "तू माझी नवरी" म्हणते. हसू येतं, खोटं कशाला बोलू. पण कालची पोरगी गेली कुठं?

रंगभवन_चौक:

काय बघलालास बे? हॅरेममध्ये कंपनी कायदा शोधतोय! मारामाऱ्या बघ की. एटबिट स्टुडिओनं चिलखतं किती सफाईनं उडवलीत. आणि 2009पासूनच्या लाइट नॉव्हेलवरून, म्हणजे पोरांसाठीच्या सचित्र कादंबऱ्यांवरून केलंय, बारा भागांत पाच पोरी बसवायच्या म्हटल्यावर बापाला वेळ कोण देणार?

जुनी_गिरणी:

वेळेचं कारण पटत नाही. 'तेन्ची मुयो' या जुन्या हॅरेम अ‍ॅनिमेचे 1992-93चे पहिले भाग काढून बघा. अंतराळातली दरोडेखोर रियोको, राजकन्या आयेका, आणि सगळा गोंधळ ओकायामाकडच्या एका देवळापाशी. भाग सहाच. पण तिथं रियोकोचा वात्रटपणा आणि तिचं एकटेपण एकाच बाईचं वाटतं. विनोद करायला तिला आधीचं आयुष्य विसरावं लागत नाही.

शेंगाचटणी_सोलापूर:

गिरणीकाका, नेमकं बोललात.

रंगभवन, मारामाऱ्या भारी आहेत, मान्य. पण याच लोकांना लिहिता येतं, म्हणून तर चीड येते. शेवटची समुद्राकाठची सहल आठव. सिल्व्हर गॉस्पेल नावाचं आयएस आटोक्याबाहेर गेलंय, खाली चोरून मासेमारी करणारी एक बोट, आणि इचिका वार करायचं सोडून ती वाचवतो. ताबानेची धाकटी बहीण होउकी चिडते, गुन्हेगारांसाठी कशाला? हिला नुकतंच बहिणीकडून नवंकोरं आयएस मिळालंय, डोक्यात हवा. ताकद आल्याबरोबर दुबळे दिसेनासे झाले का, असं तो सुनावतो आणि तिचा चेहरा पडतो. दोन वाक्यांत अख्खी मालिका उभी राहिली लगा! पुढं तो तिच्यासाठी जखमी होतो, ती खचते, सगळं जागच्या जागी. आणि लढाई संपताच? रात्रीचा किनारा, स्विमसूट, दोघांचे चेहरे जवळ आणि बाकीच्या चौघी तोफा काढून हजर. त्याच यंत्रापायी आज पोरगा मरता मरता वाचला ना?

रंगभवन_चौक:

बोटीचा प्रसंग चांगला आहे. बरं, तिथं तू जिंकलास. तरी मी दुसरा सीझन बघितलाय आणि परत बघेन. चिलखतांसाठी.

गड्डा_जत्रा:

मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून देतो. दुसऱ्यात फँटम टास्क नावाची टोळी येते. त्यातल्या एकीचा चेहरा थेट इचिकाच्या बहिणीसारखा. ऐकायला भन्नाट, पण त्याच्या आधी-मागे मेड कॅफे (पोरी मोलकरणीच्या पोशाखात चहा देतात ते) वगैरे आहेच. तातेनाशी आणि कान्झाशी या दोघी बहिणी नवीन. कान्झाशीपुरतं बघ. इचिकाच्या यंत्रावर माणसं वळवल्यामुळं हिचं आयएस अर्धवट राहिलेलं असतं, ती ते एकटीच जोडत बसते आणि त्याच्यावर खार खाऊन असते. राग अगदी रास्त आहे, म्हणून ती आवडते.

शेंगाचटणी_सोलापूर:

आणि शार्लोटचा बाप?

गड्डा_जत्रा:

विसर त्याला.