फाटलेले कपडे घेऊन या

प्रेषक: शिवणगट
प्रति: सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये एकत्र बसून कपडे दुरुस्त करायचे असं मनात आहे. उसवलेले, विरलेले, कोपरावर किंवा गुडघ्यावर फाटलेले, कसलेही चालतील. टाकवत नाही आणि अंगात घालवतही नाही, असा एखादा कपडा बहुतेकांच्या कपाटात तळाशी असतो. तोच आणा.

हा शिवणवर्ग नाही. रफूसुद्धा शिकवायचं नाही. रफूगराचं सगळं कसब न दिसण्यात असतं. विणीत वीण अशी मिसळायची की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये, आणि तो हात बसायला वर्षं जातात. आपण दुरुस्ती दिसू देणार आहोत. निळ्या जीन्सवर पांढरा धावदोरा, करड्या स्वेटरला मोहरी रंगाचं कोपर. टाका थोडा तिरका गेला तरी कपडा टिकतो, आणि म्हणूनच ज्यानं आयुष्यात सुई धरली नाही तोही पहिल्याच दुपारी उपयोगाचं काम करून घरी जाऊ शकतो. पुरुष, मुलं, मराठी न बोलणारे जोडीदार, सगळे या. सुईला भाषा लागत नाही.

२००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिलं रिपेअर कॅफे, म्हणजे मोडक्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करायची बैठक, भरवलं. तिथली एक पद्धत मला फार आवडते: वस्तू ठेवून निघून जायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याशेजारी बसायचं. आपणही तसंच करू.

शिवणगटातर्फे


प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य
प्रति: सर्व सदस्य

ताई, नमस्कार.

बेत चांगला आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगतो. आमच्या लहानपणी ठिगळ ही हौस नव्हती. माझ्या शाळेच्या चड्डीला मागे दोन गोल ठिगळं होती, वेगळ्याच खाकीची. मी सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. आई रात्री दिव्याजवळ बसून जुळणारा दोरा शोधत राहायची, का, तर ठिगळ दिसू नये. तेच आता मुद्दाम दिसेल असं लावायचं, हे मला जड जातं.

शिवाय आपल्यात नुकती आलेली, हात आखडून राहणारी कुटुंबं आहेत. त्यांनी सगळ्यांदेखत पिशवीतून फाटका कपडा काढायचा? दोन गाड्या असलेल्या माणसानं फाटकी जीन्स दाखवणं आणि त्यांनी दाखवणं एक नाही.

राग नको. वाटलं ते लिहिलं.


प्रेषक: शिवणगट
प्रति: सर्व सदस्य

काका,

राग कसला? हे मला आधीच सुचायला हवं होतं. तुमचं पत्र वाचून मी बेत बदलला आहे.

आज ज्या जपानी 'बोरो' कापडांचं जगभर कौतुक होतं, त्यांची गोष्टही तुमच्या चड्डीच्याच जातीची आहे. उत्तर जपानात थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकरी तागासारख्या जाड धाग्याचं कापड विणून नेसत. सुती कापड दक्षिणेकडून जहाजानं यायचं, तेही बरेचदा जुन्या चिंध्यांच्या रूपात. चिंधीवर चिंधी ठेवून दाट धावदोरा घालायचा, त्यात ऊब राही. एकेक पांघरूण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जायचं. त्या धावदोऱ्याला ते 'साशिको' म्हणतात. पुढे बरे दिवस आले तेव्हा घरोघरी या चिंध्यांची लाज वाटू लागली आणि पुष्कळ कापडं टाकून दिली गेली. तनाका चुझाबुरो नावाचे लोकसंस्कृतीचे अभ्यासक आओमोरी भागात दारोदार हिंडून ती गोळा करत राहिले, म्हणून ती आज पाहायला मिळतात. ज्यांनी ती शिवली त्यांच्यासाठी ती कला नव्हती, थंडी होती. हे विसरून नुसती नक्षी उचलली तर तुमचं म्हणणं खरं ठरेल.

तर आता असं करू. हॉलच्या मधोमध एक खोका ठेवू, त्यात आम्ही गोळा केलेले फाटके शर्ट, स्वेटर, मोजे असतील. कुणीही त्यातला हवा तो उचलावा. आपला आणला तर तोही आधी त्याच खोक्याशेजारी ठेवावा. कोणता कपडा कुणाचा, हे कुणी विचारणार नाही. फोटो काढायचे नाहीत. उत्कृष्ट कामाला बक्षीस, प्रदर्शन वगैरे सूचना आल्या होत्या, त्याही नकोत. एकदा नंबर लावले की ज्याचा हात बसलेला नाही तो पुढच्या वेळी येत नाही. आणि दोरा दिसायलाच हवा असा नियम नाही. तुमच्या आईसारखा जुळता रंग ज्याला हवा, त्याच्यासाठी त्या रंगांची रिळं असतील.


प्रेषक: एक सदस्य
प्रति: शिवणगट, सर्व सदस्य

नमस्कार,

माझा उजवा हात आजारपणानंतर थरथरतो आणि बारीक दिसतही नाही. अशा कार्यक्रमांना मी गेले की लोक प्रेमानं खुर्ची देतात, चहा देतात आणि बसवून ठेवतात. मला यायचं आहे, पण प्रेक्षक म्हणून नाही. मला करता येईल असं खरं काम आहे का?


प्रेषक: शिवणगट
प्रति: सर्व सदस्य

वहिनी, आहे, आणि ते कामासारखं काम आहे.

भरतकामाची रिंग टेबलाच्या कडेला शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) पकडून ठेवता येते. कापड रिंगमध्ये ताणलेलं राहतं, एक हात पूर्ण मोकळा होतो, आणि दुसरा हात टेबलावर टेकवून टाका घालता येतो. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. कापड गडद, दोरा फिका आणि जाड, म्हणजे बोटांनीही चाचपता येतो. काही सुयांच्या नेढ्याला वरून खाच असते. त्यात दोरा ओवावा लागत नाही, वरून दाबला की आत जातो. अशा सुया मी आणून ठेवते आहे.

तुम्हाला लोकरी मोज्याची टाच द्यायचं मनात आहे, कारण तिथे घाई चालत नाही. मोज्यात लाकडी गोळा घालायचा. भोकाच्या काठापासून सुरुवात करायची नाही, काठ विरलेलाच असतो. चांगल्या विणीत बोटभर मागे जाऊन धागा सुरू करायचा. आधी सगळे उभे धागे, एकाला एक लागून. प्रत्येक वळणावर धाग्याचा इवलासा वेढा सैल सोडायचा, कारण लोकर धुतल्यावर आटते आणि ताणून घातलेला धागा भोवतालची वीण आवळून धरतो. मग आडवे धागे, एक वर एक खाली, पुढच्या ओळीत उलट. भोक भरत आलं की बोटाखाली छोटी चटई लागते. ती जाणवण्यासाठी डोळे लागत नाहीत. माझ्या पहिल्या मोज्यात मी गाठ टाचेखाली ठेवली होती, दोन तासांत पायाला फोड आला. गाठ मारूच नका, धाग्याचं टोक विणीत फिरवून सोडा.

सगळ्यांसाठी आणखी एक. टाका वाकडा चालेल, पण दुरुस्ती टिकली पाहिजे. दोरा कापडापेक्षा फार जाड किंवा चिवट असेल, तर पुढच्या वेळी कापड ठिगळाच्या कडेनंच फाटतं. ठिगळ भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठं हवं आणि आधी धुतलेलं हवं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून ते सगळं ओढतं. टी-शर्टला टी-शर्टचंच ठिगळ, ताणलं जाणारं. जीन्सच्या मांड्यांमध्ये पातळ कापड आतून लावायचं, जाड लावलं तर चालताना काचतं. लाल दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहायचा, रंग जात असेल तर तो बाजूला. यात मी तडजोड करणार नाही. एका धुण्यात सुटणारी दुरुस्ती करून लोकांना घरी पाठवणं बरोबर नाही.


प्रेषक: कार्यवाह
प्रति: सर्व सदस्य

हॉल मिळाला आहे. खिडकीकडची टेबलं शिवणकामाला. दोन टेबलांखाली व्हीलचेअर जाईल, त्यांच्या खुर्च्या काढून ठेवतो. वेळ २ ते ५, मधूनच आलं-गेलं तरी चालेल. मुलांसाठी बोथट सुया आणि जाळीचं कापड वेगळं. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, जमिनीवर एकही राहता कामा नये. कपडे धुऊन आणावेत.


प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य
प्रति: शिवणगट

ताई,

खोक्याची कल्पना पटली. येईन.

हिनं विणलेला एक स्वेटर आहे, डावं कोपर गेलंय. ती गेल्यापासून घातला नाही. तिच्या पिशवीत त्याच लोकरीचा छोटा गुंडा सापडला, पण स्वेटर उन्हानं फिकट झालाय आणि गुंडा अजून गडद हिरवा आहे. जुळणार नाही. चालेल का?


प्रेषक: शिवणगट
प्रति: एक ज्येष्ठ सदस्य

काका, चालेल. जाडी तीच आहे, पीळ तोच आहे, याहून योग्य धागा मिळणार नाही. हिरवा उठून दिसेल, तो दिसू दे.

फक्त एक करा. गुंड्यातला लागेल तेवढा धागा कोमट पाण्यात भिजवून वाळवून आणा, म्हणजे आटायचा तेवढा आधीच आटेल. स्वेटर खोक्याजवळ ठेवू नका, थेट माझ्याकडे द्या. उभे धागे मी घालते, आडवे तुम्ही घाला.