मदत हवी आहे : "हे धोरणामुळेच झालं" हे आकड्यांवरून कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक धोरणांचे मूल्यमापन अहवाल स्वतः वाचून त्यातला दावा कितपत टिकतो हे ठरवता यावं, म्हणून संख्याशास्त्र शिकतोय. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध इथवर अडचण नाही. साधं रिग्रेशनही जमतं. घोडं अडतं ते कार्यकारणाशी.

डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा किमान वेतनावरचा अभ्यास इथे अनेकांना माहीत असेल. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलं; शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. दोन्हीकडच्या फास्ट फूड रेस्टॉरंटांतले कर्मचारी वाढीच्या आधी आणि नंतर मोजले (अर्धवेळवाले निम्मे धरून). रेस्टॉरंटमागे सरासरी न्यू जर्सीत २०.४४ ची २१.०३ झाली, पेनसिल्व्हेनियात २३.३३ ची २१.१७. फरकातला फरक (दोन्ही राज्यांतल्या बदलांमधला फरक) काढला की जवळपास पावणेतीन येतो. गणित कळलं. पण या पावणेतीनात न्यू जर्सीतली वाढ अगदी थोडी, बाकी सगळी पेनसिल्व्हेनियातली घट! म्हणजे सारी भिस्त एकाच गृहीतकावर : वेतन वाढलं नसतं, तर न्यू जर्सीतही तेवढीच घट झाली असती. मोजणी दोनदाच झालेली असताना हे तपासायचं कशाच्या आधारे? निष्कर्षावर माझा आक्षेप नाही, तपासायची रीत समजून घ्यायची आहे.

दुसरी शंका स्टँडर्ड एररची (काढलेला अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो, त्याचं माप). धोरण अख्ख्या राज्याला लागू, नोंदी मात्र एकेका रेस्टॉरंटच्या. एकाच राज्यातल्या रेस्टॉरंटांना मंदीचा फटका एकदमच बसतो, मग प्रत्येक नोंद स्वतंत्र कशी धरायची? आणि राज्यं दोनच असतील तर क्लस्टरिंग (एका राज्यातल्या नोंदी एक गट धरून स्टँडर्ड एरर काढणं) करूनही फारसं हाती लागत नाही, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

शिकण्याच्या क्रमाबद्दलही सांगा. धोरणासाठी शिकणाऱ्याने टी-टेस्टच्या (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे पाहणाऱ्या चाचणीच्या) आधी "तुलना कोणाशी?" हे पक्कं करावं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून आधी रँडमाइज्ड प्रयोग (धोरण कोणाला लागू करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारे), मग फरकातला फरक, मग रिग्रेशन डिसकंटिन्युइटी (पात्रतेच्या सीमारेषेच्या जरा अलीकडच्या आणि पलीकडच्यांची तुलना) असं ठरवलंय. यासाठी संभाव्यता किती खोलात हवी? मॅट्रिक्स आत्ताच लागतील का?

मूल्यमापनाचं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी जरूर लिहा. धोरणाआधीची बरीच वर्षं असलेला एखादा खुला डेटा सुचवलात तर तो घेऊन दोन्हीकडचे आलेख काढतो आणि इथेच टाकतो.