मदत हवी आहे: ऑफिसचं वायफाय आणि जुना प्रिंटर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं इथल्याच कॉम्प्युटरवर, म्हणून जीव टांगणीला लागलाय. राउटरच्या यादीत अनोळखी मोबाइल दिसले. वरच्या मजल्यावरच्या पोरांचे असतील, त्यांच्यावर राग नाही. पण विश्वासाने दिलेली कागदपत्रं आहेत ही.

ॲडमिनचा आणि वायफायचा पासवर्ड बदलला. डब्ल्यूपीएसही (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद केलं, त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ सालीच उघड झाली होती. आता अडलंय प्रिंटरपाशी. डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, डब्ल्यूपीए२ ही तिच्या आधीची) लावलं की तो जोडलाच जात नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवू, की प्रिंटर केबलने जोडून फक्त ३ ठेवू? आणि क्लायंटना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) दिलं तर त्यांना आमचे कॉम्प्युटर दिसणार नाहीत ना? खानापूर-निपाणीकडे कुणी असं बसवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.