दहा वर्षांच्या खंडानंतर आयटीआयचा तारतंत्री (वायरमन) ट्रेड: वय, हजेरी, घरचा सराव

नवी_सुरुवात
वय ३६, बी.ए. झालंय. धाकटी यंदा पहिलीत गेली. घरगुती वायरिंग रीतसर शिकून तेच काम करायचं ठरवलंय. या वयात आयटीआयला प्रवेश मिळतो का? दोन वर्षांऐवजी तीन महिन्यांचा कोर्स चालेल का? प्रवेश होईपर्यंत घरी काय सराव करू?

कंड्यूट
ताई, किमान वय १४ लागतं, कमाल वयाची अट नाही. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, बी.ए. मोजत नाहीत. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. मुलींच्या स्वतंत्र आयटीआयही आहेत, पण तिथे हा ट्रेड असेलच असं नाही. प्रवेश-अर्जात पसंतीचे विकल्प भरण्याआधी यादी बघा.

तीन महिन्यांच्या कोर्सवर मदतनीस म्हणून काम मिळेल, परवाना नाही. घराचं नवं वायरिंग परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावं लागतं. पुढे स्वतःच्या नावावर काम घ्यायचं असेल तर दोन वर्षं द्याच.

खरी अडचण हजेरीची. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. मुलांची आजारपणं, परीक्षा, सणवार धरून आधीच हिशेब करा. प्रवेशापूर्वी संस्थेत जाऊन वर्गाच्या शिफ्टची वेळ विचारा, शाळेच्या वेळेशी जुळते का पाहा.

दाखलेवाली
कागदपत्रांवर बायका अडतात. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आत्ताच काढून ठेवा. जातीचा दाखला लागत असेल तर तो माहेरच्याच नावाने, कारण जात जन्मावरून ठरते. शेवटच्या कॉलेजातून सोडल्याचा दाखलाही आणून ठेवा. दहावीच्या निकालानंतर धावपळ केली की प्रवेशाची पहिली फेरी हातची जाते.

मेगर
सरावासाठी प्लायचा २ बाय ३ फुटांचा तुकडा घ्या. त्यावर केसिंग-कॅपिंग (वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी), दोन एकमार्गी आणि दोन द्विमार्गी स्विच, एक होल्डर, एक ६ अँपिअरचं सॉकेट. दिव्यांना १.५ चौरस मिमी वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५. फेज (वीज आणणारी) लाल, न्यूट्रल (परत नेणारी) काळी, अर्थ (जमिनीला जोडलेली) हिरवी. रंगात तडजोड नको. पुढे दुसऱ्याने बोर्ड उघडला की त्याचा जीव त्या रंगांवर अवलंबून असतो.

आधी नुसतं वायर सोलणं घोटा. टोक ८ ते १० मिमीच सोला. ब्लेडने तीन-चार तारा तुटल्या की तिथली तारेची जाडी कमी होते, भार आला की तेवढीच जागा तापते. सैल स्क्रूचंही तेच. घट्ट केल्यावर वायर ओढून पाहायची सवय लावा.

मग जिन्याचं वायरिंग, म्हणजे एक दिवा दोन द्विमार्गी स्विचवर. फेज पहिल्या स्विचच्या सामाईक (कॉमन) टोकाला, दुसऱ्याच्या सामाईक टोकावरून दिव्याकडे. सामाईक टोक चुकलं की दिवा दुसरा स्विच एका ठरावीक स्थितीत असतानाच लागतो. बहुतेक शिकाऊ इथेच अडखळतात. स्विच नेहमी फेजमध्येच. न्यूट्रलमध्ये टाकला तर दिवा विझूनही होल्डरमध्ये फेज राहतो.

वीज जोडू नका, सगळं मल्टिमीटरवर तपासा. होल्डर रिकामा, सगळे स्विच चालू, टोकं फेज-न्यूट्रलवर: बीप आला तर शॉर्ट आहे. वीज वर्कशॉपमध्ये द्यायची, तीही १०० वॅटच्या जुन्या फिलामेंट बल्बमधून, सिरीजमध्ये. शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण पेटेल, फ्यूज उडणार नाही. एलईडीने हे काम होत नाही.

नवी_सुरुवात
बांगड्या, मंगळसूत्राचं काय करतात? आणि वर्गात मागे पडू नये म्हणून आधी काय वाचू?

कंड्यूट
धातूच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र कामाआधी काढून ठेवायचं. काचेच्या बांगड्याही नकोत, फुटून हात कापतो. ओढणी नको, ड्रिलमध्ये अडकते. रबरी तळव्याचे बूट हवेत.

वाचायचं म्हणाल तर ओहमचा नियम आणि वॅट-अँपिअरचं गणित: २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, म्हणून त्याला ६ चं सॉकेट नाही, १६ चं.

मेगर
त्यात आरसीसीबीही घाला, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. घरात ३० मिलिअँपिअरचा बसवतात. त्याच्या पुढचा न्यूट्रल अर्थला किंवा त्या आरसीसीबीबाहेरच्या सर्किटच्या न्यूट्रलला कुठे टेकला, तर भार येताच तो पडतो. लोक आरसीसीबी खराब म्हणून बदलतात आणि नवाही पडतो. एकेक सर्किटचा न्यूट्रल सुटा करून शोधायचं, चूक तिथे सापडते.