मनगटाचं प्लास्टर निघालं, पण हात वळेना. चोळून घ्यावा का?

प्रश्न (केज, जि. बीड)
आत्या (वय ५८) गोठ्यात घसरून पडली, उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन नाही, ६ आठवडे प्लास्टर होतं. परवा ते काढलं. हाड जुळलंय, हात वापरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण मनगट आखडलंय, बोटं सुजलीत, तळहात आभाळाकडे होतच नाही. घरातले म्हणतात हाडवैद्याकडून तेलानं चोळून घ्या. घ्यावं का? भाकरी कधी थापता येईल? आणि शेतात कुणाचा हात मोडला तर दवाखान्यात नेईपर्यंत काय बांधायचं?

फिजिओ, लातूर
चोळून घेऊ नका, ताई. जोरानं दाबून-ओढून सांधा सुटत नाही. सूज वाढते आणि दुखण्याच्या धास्तीनं माणूस हात हलवायचंच सोडतो. सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं असतं, ते रोज थोडं थोडं, स्वतःच्या ताकदीनंच मोकळं होतं.

आधी कोमट पाण्यात १० मिनिटं हात बुडवून आतच बोटं उघडमीट करायची. मग हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळहात खाली. मूठ सैल मिटून मनगट सावकाश वर, ५ सेकंद थांबून खाली, असं १० वेळा. बोटं ताठ ठेवली तर बोटांचेच स्नायू राबतात, मनगटाचे नाहीत.

तळहात वर वळणं सगळ्यात उशिरा येतं, म्हणून त्याला जास्त वेळ द्या. कोपर काटकोनात, अंगाला चिकटलेलं. कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेलची घडी धरायची. घडी पडली की समजा खांदा वळतोय, हात नाही. मुठीत लाटणं उभं धरून आत-बाहेर वळवा. हे सगळं दिवसातून ३-४ वेळा. झोपताना हात उशीवर.

व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात बसलं तर ठीक. रात्रभर ठणकलं किंवा सकाळी सूज वाढली तर व्यायाम निम्म्यावर आणा, बंद करू नका.

भाकरी थापताना, त्याहून जास्त काठवटीत पीठ मळताना, तळव्याच्या मुळावर सगळा भार येतो. मोडल्यापासून साधारण १०-१२ आठवड्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून. आधी स्पंज पिळणं, मग अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरून मनगट वर-खाली. हे न दुखता जमलं की थोडं पीठ घ्या.

अस्थिरोग डॉक्टर, परभणी
हात सारखा जळजळत असेल, कातडी लाल-चकचकीत दिसत असेल, साधा स्पर्शही सोसत नसेल तर लगेच दाखवा. अंगठा एकाएकी सरळ उचलेनासा झाला तरी तसंच. मोडलेल्या जागी घासून अंगठा उचलणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटते, हाड जागचं फारसं हललेलं नसलं तरी. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येत राहिल्या तरीही थांबू नका.

आणखी एक. या वयात नुसतं घसरून मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता धरायची. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. पुढच्या वेळी खुबा मोडू शकतो.

१०८ वरचा कर्मचारी, अंबाजोगाई
आधी बांगड्या-अंगठ्या काढा. सूज चढली की त्या कापाव्याच लागतात. हात वाकडा दिसला तरी सरळ करू नका. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा फडक्यात गुंडाळलेल्या तुराट्या, बोटांच्या मुळापासून कोपराच्या पुढपर्यंत. मोडलेल्या जागेवर नाही, तिच्या वर आणि खाली बांधा. मग उपरण्याची झोळी गळ्यात, पंजा कोपरापेक्षा थोडा वर.

नख दाबून सोडा: २ सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. दर १० मिनिटांनी बघा, पांढरं राहिलं तर बांधलेलं सैल करा. करकचून बांधल्यानं रक्त थांबून हात कायमचा निकामी होतो. जखम असेल तर फक्त स्वच्छ फडकं. हळद भरू नका, हाड आत ढकलू नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायलाही नको. पाठ, कंबर किंवा मांडी मोडल्यासारखी वाटली तर उचलू नका, १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ती
मूठ पूर्ण मिटत नाही, लाटणं निसटतं.

फिजिओ, लातूर
लाटण्याला फडकं गुंडाळून जाड करा. मूठ जसजशी मिटेल तसतसा एकेक वेढा काढायचा.