अनुभव धागा: नाताळात देव कुठे भेटला?

तलावपाळीकर:
ठाण्यातल्या मासुंदा तलावाजवळच्या आमच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, उभारायची गडबड सुरू झालीय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूजन्माची खबर आधी मिळते ती मेंढपाळांना, म्हणजे चक्क रात्रपाळीवाल्यांना. तेव्हा तुमच्या रोजच्या माणसांत कुठे देव दिसला असेल तर लिहा. चमत्कार नकोत, प्रवचन तर नकोच. धर्माची अट नाही.

कोपरखैरणे_सेक्टर:
आम्ही हिंदू. बाबा गेले त्या वर्षी दिवाळीला घरात कढई चढली नाही. आईने बाहेर पडणंच सोडलं होतं. डिसेंबरात तळमजल्यावरच्या आंटी वर आल्या. गोठ्यातल्या गवतासाठी त्या दरवर्षी ताटलीत नाचणी पेरतात. म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुम्ही पेरा. घट बसवता ना, तुमच्या हाताला उगवतं."

आंटींची नाचणी कधी उगवली नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही!

आई खाली जाऊन पेरून आली. मग रोज सकाळी पाणी शिंपडायला म्हणून खाली जाऊ लागली. पाणी शिंपडायला दोन मिनिटं लागतात, ती तासाभराने यायची. नाताळपर्यंत बोटभर हिरवं उगवलं होतं. त्यात मातीची मेंढरं ठेवताना एक आडवं पडलं, तर आई हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

फुगेवाला:
आम्ही ईस्ट इंडियन. (नाव फसवं आहे. आम्ही इथलेच, मुंबई-ठाण्याकडचे ख्रिस्ती; १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या सुमारास हे नाव घेतलं.) २३ तारखेला रात्री फुग्यांचं (आमच्याकडचे तळलेले गोल पाव) पीठ टम्म फुगलेलं, तेल तापलेलं आणि सिलिंडर संपला. पूर्वी पिठात ताडी घालायचे, आता यीस्ट, पण फुगलेलं पीठ थांबत नाही ते नाहीच. शेजारच्या काकूंनी चालू शेगडीचा सिलिंडर काढून दिला. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांच्याकडे त्या रात्री पाहुणे होते आणि सगळ्यांनी इंडक्शनवरची खिचडी खाल्ली.

नाइट_ड्युटी:
मी नर्स आहे, प्रसूती विभागात. एका २४ डिसेंबरला चर्चमधली नाताळची मिस्सा (उपासना) चुकली म्हणून धुसफुसतच ड्युटीवर आले होते. पहाटे एक बाई बाळंत झाली. नवरा बिगारी, बाळासाठी आणलेलं कापड एकही नाही. आमच्या मावशींनी लॉकरमधून स्वतःची धुतलेली सुती साडी काढली, काठ दातात धरला आणि टरकन फाडली. चार तुकडे केले.

मराठी बायबलमधलं येशूबाळाबद्दलचं 'बाळंत्याने गुंडाळून' लहानपणी मला जुनाट वाटायचं. त्या पहाटे त्याला साबणाचा आणि डांबरगोळीचा वास होता.

विवेकवादी_नेरुळ:
सगळं वाचलं, आवडलंही. पण मावशींचं चांगुलपण देवाच्या खात्यात का जमा करायचं?

नाइट_ड्युटी:
मावशींना खातं उघडायचंच नव्हतं हो. मी थँक्यू म्हटलं तर म्हणाल्या, "सिस्टर, पोर गारठलं होतं, साडी होती. त्यात काय?" तुम्ही माणुसकी म्हणा. मी प्रार्थनेत त्यांचं नाव घेते.

घणसोलीची:
तलावपाळीकर, लोकांना लिहायला लावून स्वतः गप्प?

तलावपाळीकर:
पकडलंत. लिहितो, पण माझा अनुभव उलटा आहे.

डिलिव्हरीवाल्यांनी रहिवाशांची लिफ्ट वापरायची नाही, असा आमच्या सोसायटीचा नियम आहे. कमिटीत त्याच्या बाजूने मीही हात वर केला होता. गेल्या नाताळच्या आदल्या रात्री सामानाची लिफ्ट बंद पडली. आमचा केक घेऊन एक पोरगा जिन्याने सातव्या मजल्यावर आला. खोका दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, घाम नाकावरून ओघळतोय, पण पुसायला हात मोकळा नाही. मागे दिवाणखान्यात माझा गोठा लुकलुकत होता.

पाणी दिलं. तो जिन्यातच उभा राहून प्यायला. मी "आत ये" म्हणेपर्यंत दोन मजले उतरलाही होता.

खोका उघडला तर केकवरचं क्रीम जरासुद्धा सरकलेलं नव्हतं.

नियम अजून आहे. रविवारी मीटिंग आहे, विषयपत्रिकेत घालायला पत्र दिलंय. सेक्रेटरी म्हणाले, "ऐन नाताळात कशाला वाद?"